मागच्या बाजूचं जाळं

मालूबाईच्या हातात दुधाची पिशवी आली की ती आधी चारही कोपरे दाबून बघते. पिशवी फुटकी असते म्हणून नाही, असली तर काय म्हणून. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी ती लिफ्टला एकदा रिकामी वर पाठवते, धड परत आली की मग पाय ठेवते. खाली वॉचमनच्या वहीत कोण कधी आलं-गेलं ते वाचता येईल तेवढं वाचते, आणि जे वाचता येत नाही त्याच्यावर जास्त संशय घेते. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळे संशयाला जागा भरपूर. सून दिपिका सांगते, "आमच्या आई देवळातला प्रसादसुद्धा वास घेतल्याशिवाय तोंडात टाकत नाहीत." यात दिपिकाने वाढवून काही सांगितलेलं नाही.

अशा बाईच्या घरात राहून नात सहा वर्षं काय शिकते ते तिला कळू नये, हे तिला कसं सहन व्हावं?

नातीचं नाव पूर्वी. वय अठ्ठावीस. खाडीपलीकडच्या एका मोठ्या संस्थेत ती अणूवर पीएचडी करते. पहिल्या वर्षी मालूबाईने विचारलं होतं, "बाँब करतंस काय?" पूर्वी म्हणाली, "नाही गं आजी." त्यावर मालूबाईने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. बाँब करणारा तरी कशाला सांगेल?

यंदा मात्र घरात आनंदाचं वारं होतं. पूर्वीच्या हाती काहीतरी मोठं लागलं होतं. तिच्या सरांनी त्यावर लेख तयार करून घेतला होता, तो सोमवारी बाहेरच्या देशातल्या मासिकाकडे जायचा होता. त्याच्या जोरावर तिला तिकडच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा मिळायची होती. सप्टेंबरात निघायचं. दिपिकाने सगळ्या इमारतीला सांगून टाकलं आणि चाकांची मोठी निळी बॅग आणून हॉलमध्ये उभी केली. बॅगेवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं.

आणि तिथेच मालूबाईला वास लागला. परगावी निघालेली पोर बॅग दहा वेळा उघडते, दहा वेळा मिटते, आतले कप्पे मोजते. ही पोर बॅगेच्या बाजूने जाताना भिंतीकडे बघत जात होती. जेवताना भाताचे ढीग या कडेचे त्या कडेला करत होती. सरांचा फोन आला की बाल्कनीचं दार ओढून घेत होती. मालूबाईने आधी एखादा मुलगा असेल असं धरलं. दोन दिवस नजर ठेवली. मग मुलगा नाही हे ठरलं, कारण मुलगा असता तर पोरीने फोन ठेवल्यावर आरशात बघितलं असतं. ही कॉम्प्युटरात बघत होती.

शनिवारी दुपारी दिपिका स्वेटर घ्यायला नवीन पनवेलला गेली. मालूबाई खाली वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसली होती. पूर्वी समोरच्या खुर्चीत, मांडीवर कॉम्प्युटर.

"पूर्वे, तुला जायचं नाय काय?"

"जायचंय की."

"मंग बॅगेशी भांडान हाय काय तुजं?"

पूर्वी हसली. मग हसू तिथेच राहिलं आणि डोळे भरले. मालूबाईने काही विचारलं नाही. सुकटीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. अशा वेळी विचारलं तर पोर दार लावून घेते, न विचारलं तर उघडते, एवढं तिला ठाऊक होतं.

पूर्वीने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. त्यात एक रेघ होती. डाव्या बाजूला मोठा डोंगर, तो उतरत उतरत उजवीकडे जाई, आणि खाली टेकायच्या आधी तिथे एक उंचवटा.

"हा उंचवटा बघ."

"बगितला."

"याच्यामुळे मी जाणार आहे."

"आन याच्यामुलंच झोप नाय?"

पूर्वीने मान डोलावली.

"मना कलंल असं सांग," मालूबाई म्हणाली. "नाय कललं तर इचारीन. लाजनार नाय."

मग पूर्वीने सांगितलं. अणूच्या पोटात केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. बाहेरून एक कण जोरात आणून त्या केंद्रकाला घासून नेला, की कधी कधी आतले सगळेच्या सगळे एका तालात हलायला लागतात. कधी सगळं केंद्रक फुगतं आणि आकसतं, कधी प्रोटॉन एकीकडे आणि न्यूट्रॉन दुसरीकडे असं डुचमळतं. त्याला जायंट रेझोनन्स म्हणतात. पुस्तकी मराठीत महाअनुनाद.

"पण ते टिकत नाही," पूर्वी म्हणाली. "पापणी लवायच्या कितीतरी आधी एखादा कण बाहेर फेकला जातो आणि सगळं शांत होतं. आम्हाला ते हलणं दिसतच नाही. बाहेर आलेला कण तेवढा पकडता येतो. त्याचा वेग मोजायचा आणि त्यावरून आत काय झालं असेल ते सांगायचं. माझं सहा वर्षांचं काम एवढंच आहे."

मालूबाईचा हात सुकटीत थांबला.

"म्हंजे तलं कोनी बगितलंच नाय. जाल्यात आलेला मासा बगून तल्याचं सांगायचं."

"हो," पूर्वी म्हणाली. "अगदी तसंच."

"बरं. मंग हा उंचवटा काय?"

"कण दोन तऱ्हांनी बाहेर येतो. एक म्हणजे, त्या हलण्याचा जोर ज्याला मिळाला तोच सरळ सुटतो. तो जोरात येतो, आणि आत कुठल्या जागेवर बसला होता ते त्याच्या वेगावरून कळतं. दुसरी तऱ्हा, हलण्याचा जोर आधी सगळ्यांत वाटला जातो. सगळेच तापतात. मग पातेल्यातली वाफ जावी तसा एखादा हळू निघून जातो. त्याला विचारून उपयोग नाही, सुरुवात कशी झाली ते तो विसरलेला असतो. हा डोंगर त्या वाफेवाल्यांचा. आणि हा उंचवटा, सर म्हणतात, सरळ सुटलेल्यांचा."

"तू काय म्हंतंस?"

पूर्वीने खालचा ओठ दाताखाली धरला. "एवढे जास्त सरळ सुटलेले आजवर कुणाला दिसले नाहीत."

"लय जास्त आलं की मना भ्या वाटतं," मालूबाई म्हणाली. आणि मग, सुकटीकडेच बघत, "तिसरा कोन नाय काय?"

"कसला तिसरा?"

"तल्यातला नसलेला. वाटंनं चाललेला."

आता पूर्वी खुर्चीतून उठून खाली वर्तमानपत्राच्या कडेला येऊन बसली. "आहे. कधी कधी आलेला कण केंद्रकाला हलवतच नाही. काठावरच्या एकालाच धक्का देतो आणि पुढे उडवतो. तोही जोरातच येतो. पण ते आम्ही सूत्राने वजा केलेत."

"सूत्र कोनाचं?"

"सरांचं. जुनं आहे."

"तुजी जाली कुटं कुटं लावलेली?"

जाळी म्हणजे कण पकडायचे डिटेक्टर, हे पूर्वीला सांगावं लागलं नाही. "पुढच्या बाजूला आठ. मागच्या बाजूला चार."

"उंचवटा कोनत्या जाल्यांचा?"

"पुढच्या आठांचा."

"आन मागची चार?"

"त्यातला एक बिघडला होता. काही आलं नसलं तरी आलं म्हणून सांगायचा. आणि मागे मुळातच कमी येतात. म्हणून सर म्हणाले, मागचे सोडून दे."

"एक बिगडला म्हनून चारी सोडली?" मालूबाईने विचारलं.

हे विचारताना तिचा आवाज एवढा बदलला की पूर्वीने वर बघितलं. आजीचा चेहरा नेहमीसारखा संशयी नव्हता. तिलाच कुणी पकडावं तसा झाला होता.

त्याचं कारण त्रेचाळीस वर्षांचं होतं, आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मालूबाई माहेरची कोन गावची, सतराव्या वर्षी करंजाड्याला आली. तेव्हा सेक्टर नव्हते, लिफ्ट नव्हती. खाडीला लागून बांध, बांधाआड खाजणाची खारी जमीन, आणि तिच्या खोलगट भागात गावाचं तळं. बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे फळ्यांचं दार. भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडून आतलं पाणी खाडीत सोडायचं. ती सांभाळायचं काम दादूकडे. दादू हा मालूबाईच्या नवऱ्याचा, महादेवचा, चुलतभाऊ. दाराच्या तोंडाला जाळं, आणि जाळ्यापाशी मालूबाई, कारण महादेवच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या नजरेतून चिखलातली बारीक निवटीसुद्धा सुटत नसे.

ओहोटी लागली की चार पुरुष तळ्यात उतरत आणि बांबूने पाणी झोडपत. सगळं तळं एकदम हलायचं. दादू फळ्या उचलायचा आणि पाण्याच्या पहिल्या झोताबरोबर जाळ्यात बोयटं येऊन पडायची, चांदीसारखी लखलखीत, टोपली भरून. मागाहून हळूहळू काळपट, चिखलाच्या वासाची मासळी. दर खेपेला असंच. मालूबाईने त्या पहिल्या झोतावरून ठरवून टाकलं की तळं बोयटांनी भरलेलं आहे.

महादेवच्या बहिणीची हळद ठरली तेव्हा तिनेच सांगितलं, मासळी बाहेरून आणू नका, तळं उपसा. सहा टोपल्या बोयटं निघतील. महादेवने नवऱ्यामुलाच्या सगळ्या गावाला जेवायचं आवतन दिलं. तळं उपसलं. निघाली दीड टोपली, त्यातही बोयटं ओंजळभर. हळदीला आलेली माणसं रस्स्यात मासा शोधत राहिली, आणि त्या गावच्या बायांनी पुढची दहा वर्षं महादेवच्या बहिणीला तो रस्सा ऐकवला.

मग प्रश्न आला, बोयटं गेली कुठे? सगळ्यांच्या आधी मालूबाई म्हणाली, "दार दादूच्या हातात."

तीनच शब्द. पुढचं गावाने केलं. दादूकडून उघाडी काढून घेतली. मारलं नाही, ओरडलं नाही कुणी, पण मासळीच्या वाटणीला त्याला बोलवायचं बंद झालं. वर्षभरात तो उरणच्या मिठागरांवर कामाला निघून गेला, तो म्हातारा होऊनच परतला.

त्याच्या पुढच्या वर्षी तळ्याच्या मागचा बांध खचला. मासे शेतात जाऊ नयेत म्हणून मालूबाईने तिथे, झोडपणाऱ्यांच्या मागे, एक जुनं जाळं बांधलं. पाणी झोडपलं. पुढच्या जाळ्यात नेहमीसारखी लखलखीत बोयटं. मागच्या जाळ्यात काळपट मासळी, पुढे आली तेवढीच, पण लखलखीत एक नाही. गुडघाभर चिखलात उभ्या उभ्या तिच्या डोक्यात उजेड पडला. तळ्यातला मासा घाबरला की वाट फुटेल तिकडे पळतो, पुढेही आणि मागेही. जो एकाच बाजूला पळतो, तो तळ्यातला नव्हेच. ती बोयटं खाडीची होती. भरतीला फळ्यांच्या फटीतून आत शिरायची, दाराशी थांबायची, आणि पहिल्या झोताबरोबर घरी जायची. गाव त्यांना आपली म्हणत होतं. दादूने काही नेलं नव्हतं, कारण न्यायला काही नव्हतंच. संशय घ्यायचा होता जाळ्यावर, तिने घेतला माणसावर.

तिने ते जाळं सोडलं, धुतलं, वाळवलं आणि घडी करून माळ्यावर टाकलं. कुणाला एक शब्द बोलली नाही. दुधाच्या पिशव्या दाबायची सवय तिला त्यानंतर लागली.

पूर्वीला तिने जाळ्यांचं तेवढं सांगितलं. दादूचं नाव घेतलं नाही. पण नात तिचीच.

"मग हळदीला मासे कमी पडले, त्याचं खापर कुणावर फुटलं?"

"ते ऱ्हाऊ दे. तू तुजं मागचं जालं बग."

रविवारी सकाळपासून पूर्वी जागची हलली नाही. चहा ठेवला तिथे गार झाला. मागचा बिघडलेला एक काढला, उरलेल्या तिघांत काय काय आलं होतं ते पहिल्यापासून लावायला घेतलं. दिपिका दोनदा स्वेटर घेऊन आली, "अंगाला लावून तर बघ," म्हणाली, आणि दोनदा परत गेली. उन्हं उतरली तेव्हा पूर्वीने आजीला हाक मारली.

आता दोन रेघा होत्या, एकीखाली एक. वरची पुढची, खालची मागची. वाफेवाल्यांचा डोंगर दोन्हींत होता, आकाराने सारखा. उंचवटा वरच्या रेघेत होता. खालच्या रेघेत त्या जागी जेमतेम एक सुरकुती.

"सरळ सुटलेले दोन्ही बाजूंना सारखे दिसायला हवे होते," पूर्वी म्हणाली. "शंभरातले चार-पाच आहेत तसे. बाकी सगळे खाडीचे."

"या तिगांतला कोन खोटा बोलत नाय ना?"

"तिघांना वेगवेगळं विचारलं. तिघंही तेच सांगतात."

मालूबाईने मान हलवली. ही पटल्याची होती.

"सरांना सांगितलंस?"

पूर्वीने बॅगेकडे बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. मग बाल्कनीचं दार न ओढता, हॉलमध्येच उभं राहून फोन लावला. सर चांगला माणूस होता, ओरडला नाही. आधी म्हणाले, मागचे आकडे कमी आहेत, त्यावर विसंबू नये. मग म्हणाले, उद्या पाठवू तर दे, चूक निघाली तर मागाहून दुरुस्ती छापू. आणि शेवटी, "तुझ्या जागेचं काय होईल ते तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे सर," पूर्वी म्हणाली. "पण माझं नाव त्या उंचवट्यावर नको."

मग सर म्हणाले, "मागचं सगळं मला पाठव," आणि फोन बंद झाला.

दिपिका स्वेटर हातात घेऊन दारात उभी होती. "कोण बघणार होतं गं मागचं?" एवढंच म्हणाली. मालूबाई आत जाऊन सुकटीचा डबा उगाचच हलवून आली.

सोमवारी काही गेलं नाही. आठवड्याने तिकडून पत्र आलं की यंदा ते दुसऱ्या कुणाला तरी घेत आहेत. सर दहा दिवस बोलले नाहीत, आणि अकराव्या दिवशी फोन करून विचारलं की मागच्या रेघेच्या आलेखावरची अक्षरं एवढी बारीक का. थीसिस आता नवीन लिहायचा होता, आणखी वर्ष जाणार होतं. दिपिकाने निळी बॅग प्लास्टिकसकट माळ्यावर चढवली. चढवताना तिथली एक जुनी घडी खाली पडली. जाळं होतं. धागे हात लावताच तुटत होते.

"हे कशाला ठेवलंय, आई?"

मालूबाईने ते हातात घेतलं. पूर्वी बघत होती. पूर्वीने पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही, आणि न विचारलं की दार उघडतं हे या पोरीला कुणी शिकवलं होतं, तेही मालूबाईला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुकटीची चटणी केली, तांदळाच्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि जुन्या गावठाणात दादूच्या घरी गेली. एकाच गावात राहून चार पावसाळे झाले होते तो परत आल्याला. लग्नात, मयतीत लांबून दिसत, तेवढंच. दादू ओट्यावर बसून पागाची, फेकायच्या जुन्या जाळ्याची, शिवण उसवत होता. खाडी आता बांधापासून कुठल्या कुठे गेली, पण हात बसत नाहीत.

"वहिनी," तो म्हणाला, आणि तिच्या मागे रस्त्याकडे बघितलं, आणखी कोण आहे म्हणून. "आज काय काम काडलंत?"

"काम नाय. बोलायचं हाय."

"कोनाच्या जमिनीचं?"

"जमिनीचं नाय, भावजी. उघाडीचं."

त्याचे हात थांबले. मालूबाईने उभ्याउभ्याच सांगितलं. खचलेला बांध, मागचं जाळं, काळपट मासळी. "बोयटं खाडीची व्हती. तुमी काय नेलं नव्हतं. मना पुडच्याच सालात कललेलं. मी बोलले नाय."

दादूने एक टाका उसवला. मग म्हणाला, "मना त्याच टायमाला ठाव व्हतं. फल्यांची फट मीच बगितलेली. हलदीच्या चवथ्या दिवशी महादेवला सांगाया आलतो तुमच्या घरी. तुमी दारात उभ्या व्हत्या. बोललात, महादेव घरात नाय, मासं परत आनलं असतील तर ठेवा हितं."

मालूबाईला हे आठवत नव्हतं. तिने आठवून बघितलं, दार आठवलं, दाराशी उभा दादू आठवला नाही. पण तो खोटं सांगत असेल असं तिच्या मनात आलं नाही. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच आलं नाही.

"आता सांगून काय करू?" तिने विचारलं. "गावात निम्मी मानसं ऱ्हायली नाय."

"जी हायेत त्यांना सांगा."

"सांगीन. उद्या देवलात बसतात सगली, तितं."

"बगू," दादू म्हणाला.

तिने डबा आणि फडकं त्याच्यापुढे ठेवलं. दादूने झाकण काढलं, डबा नाकाशी नेला, वास घेतला. भाकरीचा कोपरा उलटून बघितला. मग डबा परत तिच्याकडे सरकवला.

"आदी तुमी खा," तो म्हणाला.

मालूबाई ओट्याच्या कडेला बसली, भाकरी मोडली आणि खाल्ली.